बंद स्टेशन असलेल्या गावाचा इतिहास कसा लिहावा

गावाचा इतिहास लिहायला घेतला, की आपण प्रथम वडीलधाऱ्या मंडळींकडे जातो. गावात बंद पडलेले रेल्वे स्टेशन असेल, तर मात्र आधी स्टेशनावर जावे, कारण तिथे पाहिलेल्या वस्तूंवरूनच पुढचे नेमके प्रश्न सुचतात. जळगाव जिल्ह्यातील पाचोरा–जामनेर ही 56 किलोमीटरची अरुंद मापाची रेल्वे, म्हणजे ‘पीजे’, 2020 च्या टाळेबंदीत थांबली आणि नंतर रुंदीकरणासाठी बंदच राहिली. शेंदुर्णी, पहूर अशा तिच्या वाटेवरील गावांत हे काम आताच करायला हवे.

जागा रेल्वेच्या मालकीची असल्याने परवानगी घ्यावी, काहीही उचलून आणू नये. फलाट पावलांनी मोजावा, पाटीवरील नावाचे स्पेलिंग आणि समुद्रसपाटीपासूनची उंची जशीच्या तशी उतरवावी. कुंपणाला खांब म्हणून रोवलेला जुना रूळ दिसला, तर त्याच्या उभ्या बाजूवर हात फिरवून पाहावा. गंजाखाली उठावाची अक्षरे लागतात आणि खडू आडवा घासला की कारखान्याचे नाव व साल वाचता येते. ते साल रूळ घडवल्याचे असते, मार्ग सुरू झाल्याचे नव्हे. जुने रूळ काढून दुसऱ्या मार्गावर टाकण्याची पद्धत होती, हे विसरल्यास पहिल्याच पानावर चूक होते.

त्यानंतर मार्ग कोणत्या कंपनीचा होता, ते ठरवावे. भुसावळचा मुख्य मार्ग जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) कंपनीचा, तर सुरतेहून नंदुरबार, अमळनेरमार्गे जळगावला येणारा मार्ग ताप्ती व्हॅली रेल्वेचा होता. पहिला आज मध्य रेल्वेकडे आणि दुसरा पश्चिम रेल्वेकडे आहे, त्यामुळे चुकीच्या कार्यालयात अर्ज केल्यास महिने वाया जातात. जिल्ह्याचेही तसेच आहे. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, म्हणून त्याआधीचे कागद नुसत्या ‘खानदेश’ नावाखाली शोधावेत. 1880 चे खानदेश गॅझेटियर या ताप्ती मार्गाच्या आणि पीजेच्याही आधीचे आहे, म्हणून या मार्गांवर रेल्वे येण्यापूर्वीचे बाजार, बैलगाडीच्या वाटा आणि कापसाचा व्यापार समजून घेण्यासाठी ते वाचावे.

तलाठी कार्यालयातील जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतील बदलांच्या नोंदी, मला सर्वांत मोलाचे वाटतात. स्टेशनासाठी कोणाची जमीन गेली, शेताचे दोन तुकडे कसे झाले, हे तिथल्या दोन ओळींत कळते. शाळेच्या जनरल रजिस्टरात पालकाच्या व्यवसायापुढे ‘गँगमन’ (रुळांची देखभाल करणारा), ‘खलाशी’ (रेल्वेतला मदतनीस कामगार) अशी नोंद आढळली, तर बाहेरून आलेली रेल्वेची कुटुंबेही इतिहासात येतात.

आता माणसांकडे जावे, आणि शक्य असेल तर अहिराणीतच बोलावे. प्रमाण मराठीत विचारले की आजी मोजकेच उत्तर देतात. ‘कोणत्या साली?’ असे विचारण्यापेक्षा ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’ असे विचारावे. मालधक्क्यावर कापसाच्या गाठी कोण चढवत असे, गाडी चुकली की रात्री मुक्काम कुठे होई, बाळंतीण माहेरी कशी नेत, हे हमाल, गँगमन आणि फलाटावर फळे विकणाऱ्या बायांना विचारावे. केवळ पाटील-सरपंचांच्या आठवणींवर इतिहास उभा करू नये.

कागद आणि आठवण यांत फरक पडला, तर दोन्ही द्यावे आणि कोणते कुठून मिळाले ते त्याच जागी लिहावे. छपाईपूर्वी मसुदा पारावर मोठ्याने वाचून दाखवावा. मध्येच कोणीतरी थांबवून दुरुस्ती सांगतेच, म्हणून लिहून घेणारा दुसरा माणूस वही घेऊन शेजारी बसवावा.