नाशिकच्या छपाईची टपाल तिकिटे: वॉटरमार्क, परफोरेशन आणि छपाईतले बारीक फरक कसे ओळखावेत

१९५७ च्या भारताच्या नकाशाच्या मालिकेतली १३ नये पैशांची तिकिटे जुन्या गठ्ठ्यांतून मुठीमुठीने निघतात. समोरून सगळी सारखीच दिसतात. उलटी करून वॉटरमार्क, म्हणजे कागदातच असलेली आणि एरवी सहज न दिसणारी खूण, पाहिला की त्यांचे दोन गट पडतात: आधीच्या छपाईत कागदभर छोटे तारे, १९५८ पासूनच्या छपाईत अशोकस्तंभाचे शीर्ष. कॅटलॉगच्या, म्हणजे तिकिटांच्या छापील सूचीच्या, दृष्टीने ही दोन वेगळी तिकिटे आहेत.

बारीक फरक शोधताना बरेच जण थेट भिंग लावून रेघा आणि ठिपके मोजू लागतात. क्रम याच्या उलट हवा. आधी वॉटरमार्क, मग परफोरेशन (कडेची छिद्रे), मग छपाईची पद्धत आणि सगळ्यात शेवटी डाग किंवा तुटकी रेघ. पहिल्या तीन गोष्टींवरून तिकीट कोणत्या छपाईतले ते ठरते. ते ठरल्याशिवाय सापडलेल्या डागाला काही अर्थ नसतो.

साधने फार लागत नाहीत. सपाट टोकांचा चिमटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, पारदर्शक परफोरेशन गेज (छिद्रे मोजण्याची पट्टी), काळी गुळगुळीत टाइल किंवा वॉटरमार्क ट्रे, लायटर फ्लुइडची छोटी बाटली, मिलिमीटरची स्टीलची पट्टी, आणि शक्य असेल तर १२०० डीपीआयचा स्कॅनर.

वॉटरमार्क

तिकीट काळ्या टाइलवर पालथे ठेवा आणि वर लायटर फ्लुइडचे तीन-चार थेंब टाका. वॉटरमार्कच्या जागी कागद पातळ असतो, म्हणून तिथे खालचा काळा रंग जास्त उठून दिसतो. लगेच दिसला नाही तर थांबा. फ्लुइड उडून जाता जाता कधी कधी आकृती सर्वांत स्पष्ट होते. कोऱ्या तिकिटाच्या गोंदाला यामुळे धक्का लागत नाही, पण फोटोग्रॅव्हूरची, म्हणजे बारीक जाळीच्या ठिपक्यांच्या छपाईची, काही शाई यात सुटते. म्हणून त्या पद्धतीचे तिकीट असेल तर आधी एखाद्या फाटक्या प्रतीवर करून पाहा. पेट्रोल वापरू नका, त्याचा तेलकट अंश कागदात राहतो. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास समई, उदबत्ती किंवा गॅस पेटता नको.

ब्रिटिश राजा पाचव्या जॉर्जच्या तिकिटांत वॉटरमार्कचा फरक सर्वांत उपयोगी पडतो. लंडनच्या दे ला रू कंपनीच्या छपाईत एका तिकिटावर एकच मोठा तारा असतो. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसची छपाई १९२६ मध्ये सुरू झाली, तिच्यात छोटे तारे सगळीकडे पसरलेले असतात. चित्र तेच, परफोरेशनचे माप (परफ) १४ तेच. फरक फक्त कागदात.

पुढची पायरी वॉटरमार्कच्या दिशेची. काही मालिकांत तारे आडवे आहेत आणि त्यांचे टोक काही तिकिटांत डावीकडे, काहींत उजवीकडे येते. शीट यंत्रात कोणत्या बाजूने घातली यावर ते ठरते. नोंद करण्यापूर्वी तुमच्या कॅटलॉगची प्रस्तावना वाचा. दिशा समोरून सांगितली आहे की मागून, हे तिथे दिलेले असते. ते न पाहता केलेली नोंद हमखास उलटी होते.

परफोरेशन

परफ १४ म्हणजे २ सेंटिमीटरमध्ये १४ छिद्रे. दोन आकडे असतील तर पहिला आडव्या बाजूचा, दुसरा उभ्या बाजूचा. सरावासाठी सहाव्या जॉर्जची १९४० च्या दशकातली कमी किमतीची तिकिटे घ्या. ती १३½ × १४ आहेत, त्यामुळे एकाच तिकिटावर दोन मापे तपासता येतात. दोन्ही बाजूंना १४ आले तर तुमचे मोजणे चुकते आहे.

गेजवर तिकीट ठेवताना पहिले छिद्र नेमके रेषेवर बसवा आणि बाजूच्या शेवटच्या छिद्रापर्यंत पाहत जा. सुरुवातीची चार-पाच छिद्रे १३½ वरही बसतात आणि १४ वरही, घसरण दिसते ती दुसऱ्या टोकाला. आखूड बाजूवर अर्ध्याचा फरक ठरवायला लागणार असेल तर गेजपेक्षा हिशोब बरा. पहिल्या छिद्राच्या मध्यापासून शेवटच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, मधली अंतरे मोजा, अंतरांच्या संख्येला २० ने गुणा आणि मिलिमीटरने भागा. १५ अंतरे २२.२ मिलिमीटरमध्ये बसली तर उत्तर १३.५ येते. १६ अंतरे २२.९ मध्ये बसली तर जवळजवळ १४.

स्कॅनवर हे आणखी नेमके करता येते. १२०० डीपीआयला एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४७ पिक्सेल. तिकिटाशेजारी स्टीलची पट्टी ठेवूनच स्कॅन करा, कारण काही स्कॅनर ज्या दिशेने सरकतात त्या दिशेला चित्र किंचित ताणतात. तिकिटामागे काळा कागद ठेवला की छिद्रांच्या कडा स्वच्छ दिसतात. पाण्यातून काढलेले तिकीट पूर्ण वाळून सपाट झाल्यावरच मोजा. ओला कागद फुगतो आणि वाळताना सगळीकडे सारखा आवळत नाही.

आकडा वेगळा आला म्हणजे दुर्मीळ प्रकार सापडला असे नव्हे. १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत ३ पै ते २ आण्यांची तिकिटे १४ परफची आहेत आणि ३ ते १२ आण्यांची १३½ ची. हा त्या मालिकेचा नेहमीचा साचा आहे. खरा फरक एकाच किमतीच्या तिकिटात दोन मापे आली की सुरू होतो. १९७९ पासूनच्या शेती-विकास विषयांच्या मालिकेत असे होते: काही किमती १४½ × १४ मध्येही मिळतात आणि १३ मध्येही. ही तिकिटे स्वस्त आहेत, म्हणून गेजचा हात बसवायला ती चांगली.

मापाइतकेच कोपऱ्यांकडे पाहा. कॉम्ब परफोरेशनमध्ये, म्हणजे फणीसारख्या मांडणीत, एका दाबात एका ओळीच्या तीन बाजूंची छिद्रे पडतात, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात एकच नीट छिद्र असते. लाइन परफोरेशनमध्ये आडव्या आणि उभ्या रेषा वेगवेगळ्या मारतात, त्यामुळे कोपऱ्यात दोन छिद्रे एकमेकांवर चढतात किंवा वेडावाकडा दात उरतो. कॉम्बच्या तिकिटात दोन दाबांच्या सांध्याशी एखादा दात जाड किंवा बारीक दिसला तर शीट किंचित पुढे-मागे सरकली होती. हा प्रकार पाहायला रंजक असला तरी त्याला कॅटलॉगमध्ये वेगळा नंबर मिळत नाही.

पिन तुटली किंवा बोथट झाली तर छिद्र अर्धवट पडते. एक बाजू बिनछिद्राची वाटली की तिकीट उलटे करून दिव्याचा प्रकाश तिरपा पाडा. पिनचा नुसता खळगा दिसला तरी ती बाजू छिद्रित धरायची. आणि सुट्या तिकिटावरून पूर्ण बिनछिद्रतेचा निर्णय कधीच करू नका. दात कात्रीने कापायला काही सेकंद पुरतात. जोडी हवी, नाहीतर चारही बाजूंना शेजारच्या तिकिटाचा अंश दिसेल इतका रुंद कागद हवा.

छपाईची पद्धत

इथे सहाव्या जॉर्जच्या दीड आणा आणि तीन आणे या दोन तिकिटांइतका चांगला धडा दुसरा नाही. नाशिकने ती आधी लिथोने, म्हणजे सपाट पृष्ठावरून, छापली आणि नंतर टायपोने, म्हणजे उठावाच्या ठशाने. चित्र, परफ, वॉटरमार्क सारखेच, म्हणून फरक फक्त शाई सांगते. टायपोत ठसा कागदावर दाबला जातो आणि शाई रेषेच्या कडेला ढकलली जाते. भिंगाखाली अक्षरांना गडद किनार आणि मधे थोडा फिका भाग दिसतो, आणि मागे तिरप्या प्रकाशात रेषांचा हलका उठाव. लिथोत शाई सपाट बसते. किनार नाही, मागे काही नाही, रंग सगळीकडे एकसारखा. दोन्ही प्रती शेजारी ठेवा आणि राजाच्या गालावरच्या बारीक रेषांची तुलना करा. शिक्क्याच्या दाबानेही मागे उठाव येतो, म्हणून शिक्का नसलेला कोपरा तपासा.

नाशिकची फोटोग्रॅव्हूर १९५२ च्या संत आणि कवी मालिकेपासून सुरू होते. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची ती सहा तिकिटे. या पद्धतीत सगळे चित्र, अक्षरांसकट, बारीक जाळीच्या ठिपक्यांनी बनते, म्हणून अक्षरांच्या कडा भिंगाखाली करवतीसारख्या दिसतात. चार रंगांच्या आधुनिक ऑफसेटमध्ये वेगवेगळ्या रंगांच्या ठिपक्यांची फुले दिसतात.

डाग, तुटकी रेघ, गाळलेला तपशील

एकच प्रश्न विचारा: हा दोष ठशावर होता, की त्या एका कागदावर? ठशावरचा दोष प्रत्येक शीटमध्ये त्याच जागी येतो. त्यालाच स्थिर दोष म्हणतात आणि कॅटलॉग त्याचीच दखल घेतो. १९३५ च्या रौप्यमहोत्सवी मालिकेत सुवर्णमंदिराच्या साडेतीन आण्याच्या तिकिटावर दिसणारा ‘पक्षी’ आणि १९२९ च्या हवाई टपालाच्या आठ आण्यावरचा शेंडा नसलेला वृक्ष ही याची नावाजलेली उदाहरणे.

लिथोत रंगीत ठिपक्याभोवती पांढरे कडे दिसले तर तो धुळीचा कण. काही शीटनंतर तो निघून जातो. फोटोग्रॅव्हूरमध्ये छपाईच्या दिशेने गेलेला रंगाचा लांब ओरखडा म्हणजे जादा शाई पुसणाऱ्या पात्याची चूक, तीही तात्पुरती. एखादा रंग बाजूला सरकला तर ते फक्त रंगांचे न जुळणे. खरा दोष सिद्ध करायला त्याच दोषाची दुसरी प्रत लागते, शक्यतो वेगळ्या तारखेच्या शिक्क्याची. शीट किंवा एकत्र जोडलेल्या तिकिटांचा मोठा ब्लॉक मिळाला तर ओळ आणि स्तंभ लिहून ठेवा: चौथी ओळ, सातवे तिकीट, अशी.

रंगातल्या छटांबाबत जरा कडक राहा. उन्हात तिकीट फिकटते, दमट हवेत काही केशरी-लाल रंग काळवंडतात, गरम पाण्यात जांभळे रंग उतरतात. छटा ठरवायची तर उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही, आणि खात्रीच्या प्रतीशेजारी ठेवूनच.

दुर्मीळ परफचे महाग तिकीट विकत घेताना चारही बाजू वेगवेगळ्या मोजा. एकाच बाजूची छिद्रे जास्त स्वच्छ, गोल आणि दातांची टोके कापल्यासारखी असतील, शेजारच्या बाजूंशी कोपऱ्यात जुळत नसतील किंवा तिकीट त्या दिशेने अर्धा मिलिमीटर अरुंद असेल, तर परफोरेशन नंतर केलेले आहे. जुन्या दातांच्या टोकांना कागदाचे तंतू सुटलेले असतात. नव्याने पाडलेल्या छिद्रांत ते नसतात.