त्सेत्से माशी उघडून ट्रिपॅनोसोमा कसा शोधावा

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत माणसाचा निद्रारोग आणि गुरांचा नगाना हे दोन्ही रोग त्सेत्से माशीच्या चाव्यातून पसरतात. रोगाचा परजीवी म्हणजे ट्रिपॅनोसोमा. एखाद्या भागातल्या माश्यांत तो आहे का, हे पाहायला सूक्ष्मदर्शक, दोन बारीक चिमटे, दोन सुया आणि ०.९ टक्के मिठाचे पाणी एवढ्यावर काम भागते. मात्र क्रम चुकला तर निकालही चुकतो.

माशी जिवंतच हवी. मेलेल्या माशीतले परजीवी लवकरच हलायचे थांबतात आणि न हलणारा परजीवी पेशींच्या गाळात ओळखू येत नाही. म्हणून सापळ्यातला माश्यांचा पिंजरा रोज काढून घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि थंड पेटीतून आणा. सापळ्याच्या खांबाला ग्रीस लावायला विसरू नका, नाहीतर मुंग्या वर चढून माश्या फस्त करतात.

आधी ही त्सेत्सेच आहे याची खात्री करा. बसल्यावर तिचे पंख पाठीवर एकावर एक पूर्ण येतात, सोंड सरळ पुढे असते आणि पंखाच्या मधोमध कुऱ्हाडीच्या पात्याच्या आकाराचा कप्पा दिसतो. नराच्या पोटाच्या टोकाखाली गोल फुगवटा असतो, मादीला तो नसतो. छाती हलकेच दाबल्यावर मऊ लागली तर माशी नुकतीच कोशातून निघालेली आहे आणि तिने अजून रक्त प्यायलेले नाही. तिला संसर्ग झालेला नसणार, म्हणून ती वेगळी मोजा. संसर्गित माश्यांची टक्केवारी काढताना ती धरू नका.

हातमोजे घाला. माशी काही मिनिटे गारठवून निपचित करा, पंख व पाय काढा. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचे तीन थेंब अंतर राखून ठेवा: लाळग्रंथी, सोंड आणि मध्यांत्र (आतड्याचा मधला भाग) यांना एकेक. काम याच क्रमाने करायचे. आतड्यात परजीवी सर्वांत जास्त संख्येने असू शकतात. ते आधी उघडले, तर सुईला चिकटलेले परजीवी लाळग्रंथीच्या थेंबात उतरतात आणि निर्दोष माशी निद्रारोगाची वाहक ठरते. दर अवयवानंतर सुया आणि चिमटे पुसून घ्या.

लाळग्रंथींना घाई चालत नाही. एका चिमट्याने छाती धरा, दुसऱ्याने डोके अगदी सावकाश पुढे ओढा. मानेतून दोन पारदर्शक, लांब, बारीक धागे डोक्याबरोबर बाहेर येतात. झटका दिला तर ते तुटून आत राहतात. मग पोट उघडून शोधावे लागतात, आणि तेव्हा आतडे फाटण्याचा धोका असतो. पुढे सोंड घ्या आणि तिच्या तळाच्या कंदापासून तिचे तीन भाग सुईने वेगळे करा. शेवटी पोटाचे टोक धरून आतडे बाहेर काढा. मादीच्या पोटातून पांढरी अळी निघाली तर गोंधळू नका. त्सेत्से अंडी घालत नाही. ती एका वेळी एकच अळी गर्भाशयात वाढवते आणि दुधासारख्या स्रावावर पोसते.

प्रत्येक थेंबावर कव्हरस्लिप ठेवा आणि प्रकाश कमी करून ४०० पटीवर पाहा. वळवळणारे, टोकदार परजीवी दिसले की त्यांची जागा नोंदवा. फक्त सोंडेत असतील तर बहुधा ट्रिपॅनोसोमा व्हायव्हॅक्स, सोंडेत आणि आतड्यात असतील तर काँगोलेन्स किंवा त्याच्या जवळच्या जाती, लाळग्रंथीतही असतील तर ब्रुसी. फक्त आतड्यात दिसले तर संसर्ग अजून पक्व झालेला नाही. आतड्यात ताजे रक्त असेल तर सावध राहा, कारण परजीवी नुकत्याच चावलेल्या जनावराचे असू शकतात. एकाच माशीत दोन जातीही असतात, त्यामुळे जागेवरून काढलेला निष्कर्ष अंतिम समजू नका. आणि ब्रुसीतला माणसाला बाधणारा कोणता, गुरांपुरता कोणता, हे सूक्ष्मदर्शक सांगूच शकत नाही. माणसाला बाधणारे दोन प्रकार, पश्चिम व मध्य आफ्रिकेतला गॅम्बिएन्स आणि पूर्व व दक्षिणेकडचा ऱ्होडेसिएन्स, आणि गुरांपुरता प्रकार हे सगळे दिसायला सारखेच असतात. त्यासाठी पीसीआर ही डीएनए चाचणी लागते.

आतडे समोर असतानाच त्याचा पुढचा भाग नीट पाहा. तिथे एक पांढुरका, जाडसर पट्टा असतो. हा जिवाणूंचा अवयव. त्याच्या मोठ्या पेशींत विगल्सवर्थिया नावाचे सहजीवी जिवाणू राहतात. त्सेत्सेला आयुष्यभर रक्ताखेरीज काही मिळत नाही, आणि रक्तात बी गटाची जीवनसत्त्वे अपुरी असतात. ही जीवनसत्त्वे विगल्सवर्थिया बनवतात. ते नष्ट केले की मादी वांझ होते. आईच्या दुग्धग्रंथीतून ते अळीला मिळतात, आणि अळीच्या वाढीत ते नसतील तर पुढे माशीची रोगप्रतिकारशक्ती दुबळी राहते. म्हणून प्रतिजैविक दिलेल्या जनावराच्या रक्तावर प्रयोगशाळेतल्या माश्या पोसू नका. वसाहत पुढच्या पिढीतच ढासळू शकते. दुसरा जिवाणू सोडालिस आतड्यासह अनेक ऊतींत असतो आणि प्रयोगशाळेत वेगळा वाढवता येतो. परजीवीला मारणारे प्रथिन त्याच्याकडून माशीच्या आतच तयार करून घेण्याचे प्रयोग त्यामुळेच शक्य झाले.

सहजीवींचे डीएनए हवे असेल तर हा पट्टा वेगळा काढून निर्जल इथेनॉलमध्ये ठेवा. संसर्गित अवयव दुसऱ्या नळीत ठेवा. नळीवर सापळ्याचा क्रमांक, तारीख, माशीची जात आणि लिंग पेन्सिलने लिहा, कारण इथेनॉल सांडले की शाई पुसली जाते. वापरलेल्या काचपट्ट्या लगेच जंतुनाशकात टाका. संसर्गित लाळग्रंथी हाताळताना सुई टोचली, किंवा माशी चावून नंतर तिथे दुखरी गाठ आणि ताप आला, तर डॉक्टरांना त्सेत्सेचा उल्लेख करून सांगा. गॅम्बिएन्सच्या बऱ्याच रुग्णांना आता फेक्सिनिडॅझोलच्या गोळ्या १० दिवस जेवणाबरोबर घेऊन बरे होता येते, पण त्यासाठी निदान वेळेवर व्हावे लागते.