पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ वाजवताय? या चुका टाळा

ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममधलं हे गाणं चक्क सात मात्रांचं, तरी अमेरिकेत बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १३व्या क्रमांकापर्यंत पोचलं. ऐकताना सात जाणवतही नाहीत. वाजवायला बसलं की घाम फुटतो.

बहुतेक बँड घसरतात ते आठव्या मात्रेवर, जी मुळात नाहीच. हात चारच्या पटीला सरावलेला. ड्रमर नकळत एक मात्रा जास्त घेतो, तोवर बेसवाला पुन्हा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आलेला असतो. यावर आकडे मोजून भागत नाही, बेसची ओळच तोंडपाठ म्हणता यायला हवी. पहिल्या मात्रेला बी, दुसरीत वरचा बी आणि एफ शार्प, तिसरीला परत खालचा बी, मग एफ शार्प, ए, बी, डी. झाले सात. दुसऱ्या मात्रेतले दोन स्वर समसमान वाजवू नका. पहिला लांब, दुसरा आखूड. ही झोकदार चाल गेली की रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ही ओळ, कवायतीसारखा वाटतो.

तबल्यावर वाढलेले लोक सात ऐकताच रूपक हा सात मात्रांचा ताल लावतात. मोह समजू शकतो, पण रूपकाचे खंड ३-२-२ आणि समेवरच खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा. इथे पहिली मात्रा दणकट हवी, आणि रिफ तीन-चार असा तुटतो. ड्रमरने स्नेअर (खणखणीत वाजणारा छोटा ड्रम) २, ४, ६वर ठेवावा. सातवी आणि पुढची पहिली लागोपाठ किकवर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) आली की सांधा आपोआप कळतो.

सॅक्सोफोनचा सोलो सातातच आहे, गिटारचा मात्र चारात. चारात शिरणं सोपं, परतताना गोंधळ होतो. त्या सोलोचे तीन फेरे आहेत, मधला अगदी कोरडा, मोजकीच वाद्यं असलेला. तिसरा संपताना सगळ्यांनी एकमेकांकडे बघायचं, एवढा साधा नियम पुरतो.

मेट्रोनोम लावून मूळ रेकॉर्डशी जुळवत बसू नका. लय मूळ रेकॉर्डमध्येच वाढत जाते.

सुरुवातीचा नाण्यांचा, फाटत्या कागदाचा, गल्ल्याच्या मशीनचा लूप टेपचे तुकडे पट्टीने मोजून जोडलेला आहे, प्रत्येक आवाजाला एक मात्रा. तो मोबाइलवरून सोडणार असाल तर मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, ड्रमरला आधी ऐकू जातोय ना, हे साउंडचेकलाच बघा.