जुन्या लोहमार्गावर वेग ११० वरून १३०: या चुका टाळा

ताशी ११० किमीने १०० किमी कापायला साडेचोपन्न मिनिटे लागतात, १३० ने सुमारे ४६. म्हणजे वाचली आठ मिनिटे. आता मध्ये कुठे एक किमीचा ३० चा कॉशन, म्हणजे ताशी ३० किमीचा तात्पुरता वेगनिर्बंध, ठेवा. बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किमीहून लांब असते आणि शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत चालकाला वेग वाढवता येत नाही. ब्रेक लावणे आणि पुन्हा वेग घेणे धरले तर चार मिनिटे गेलीच. असे दोन कॉशन राहिले की सगळी कमाई बुडाली.

पहिली चूक हीच: आधी कमाल वेगाच्या मागे लागणे. मार्गावरचे कायमचे आणि तात्पुरते सगळे वेगनिर्बंध कागदावर मांडा आणि सर्वांत हळू जागेपासून काम सुरू करा. ३० चा कॉशन ६० वर आणला तरी जवळपास २५ किमी मार्ग १३० चा केल्याइतका वेळ हाती लागतो.

वळणावर फक्त प्रवासी गाडी पाहणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही. ८७५ मी त्रिज्येचे, म्हणजे दोन अंशांचे वळण घ्या. ब्रॉडगेजवर लागणारा कँट (वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा जितका उंच ठेवतात ती उंची, मिमीमध्ये) १३.७८ × वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या. १३० साठी तो २६६ मिमी येतो. कँटची मर्यादा १६५ आणि मंजुरी असेल तर तूट, म्हणजे लागणाऱ्यापेक्षा कमी पडणारा कँट, १०० पर्यंत चालते. बेरीज २६५, म्हणून १३० जवळजवळ बसतो असे वाटते आणि बाहेरचा रूळ १६५ मिमी उचलला जातो.

पण त्याच रुळावरून ६५ ने मालगाडी जाते. तिला लागतो ६७ मिमी. लागतो त्याहून जादा कँट ७५ पेक्षा अधिक चालत नाही, म्हणजे १४० च्या वर जायचेच नाही. १४० अधिक १०० धरून वेग १२३ येतो. तिथे १२०च ठेवा. हे डावलले तर वाघिणींचा (मालडब्यांचा) भार आतल्या रुळावर येतो आणि त्याचा माथा चपटा होत जातो. रूळ बदलून उपयोग नाही, नवाही तसाच झिजेल. मालगाड्या खरोखर ७५ ने धावत असतील तरच हे गणित बदलते.

कँट वाढला की संक्रमण वळणही (सरळ मार्ग आणि मुख्य वळण यांना जोडणारा, हळूहळू वळत जाणारा भाग) लांबवावे लागते. १०० मिमी कँट आणि ११० वेगाला ८८ मी पुरत होते, १४० आणि १२० ला १३४ मी हवेत (०.००८ × कँट × वेग). त्रिज्या तीच ठेवली तर मुख्य वळण जवळजवळ अर्धा मीटर आत सरकते. खांब, फलाट, पूल आणि वरची तार यांचे अंतर आधी मोजा, मगच रूळ सरकवायचे मशीन बोलवा.

तपासणीला २० मी दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ताणून मध्यावर अंतर मोजा. मुख्य वळणात ते ५७ मिमी यायला हवे. संक्रमणात दर १० मीटरला सुमारे ४ मिमीने वाढत गेले पाहिजे. मध्येच १२ ने उडी दिसली, तर प्रवाशाला धक्का नेमका तिथे बसणार.

मळलेल्या खडीवर नवी खडी टाकणे

१८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेला भुसावळ–बडनेरा मार्ग काळ्या मातीतून जातो. अशा ठिकाणी पावसात स्लीपरच्या टोकाशी राखाडी लगदा वर येतो, उन्हाळ्यात तोच पांढुरका वाळतो. तिथे टॅम्पिंग (स्लीपरखाली खडी ठासून बसवणे) काही आठवड्यांतच उतरते, कारण खालून चिखल उपसला जात असतो. आधी बाजूचे गटार मोकळे करा, मग स्लीपरखाली ३०० मिमीपर्यंत खडी चाळा. सलग जोडलेल्या रुळाचे तापमान त्याच्या ताणमुक्त तापमानापेक्षा (ज्या तापमानाला रुळात ताण नसतो) १० अंशांहून वर असेल तर त्या दिवशी हात लावू नका; मोकळ्या खडीत रूळ वाकतो. पुलाची तोंडे आणि पॉइंट (गाडी रूळ बदलते ती जागा) वेगळे धरा, साध्या मार्गाच्या मशीनवर ती कामे भागत नाहीत.

सिग्नल तसेच ठेवणे

वेग ११० वरून १३० झाला की थांबायचे अंतर सुमारे १.४ पट होते. १ किमीवरच्या एका डिस्टंट सिग्नलवर (पुढच्या सिग्नलची आधीच सूचना देणाऱ्या) विसंबू नका. २ किमीवर दुसरा हवा, फाटकाच्या सिग्नललाही.

चाचणी फेरीत धक्का नोंदला गेला तर लगेच रूळ उखडू नका. दुसरी फेरी वेगळ्या इंजिनाने घ्या. त्याच किमीला पुन्हा धक्क्याचे शिखर आले तर दोष मार्गात आहे, जागा बदलली तर चाकात शोधा.