नागपुरातून मालिकालेखनाकडे

दैनंदिन मालिका लिहू इच्छिणाऱ्या नागपूरकराने प्रथम हे ध्यानात घ्यावे की कथा, पटकथा आणि संवाद ही कामे बहुधा वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतात, आणि नवख्याचा शिरकाव बहुतेकदा संवादांतूनच होतो. त्यासाठी जाहिराती वगळून सुमारे 22 मिनिटांचा एक भाग लिहून पाहावा. सासू समोर ठेवलेला चहा तसाच टाकून उठते, एवढ्यावर दृश्य संपले तरी चालते. मात्र ब्रेकपूर्वी प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उरलाच पाहिजे. पात्र इकडचे असेल तर ‘तुले’, ‘मले’ पेरून भागत नाही (मुंबईत लिहिलेल्या वैदर्भीय पात्रांचे हसे यामुळेच होते); बर्डीच्या बाजारात कान देऊन वाक्याची लय टिपावी.

लेखन मुंबईला पाठवण्यापूर्वी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन त्याची नोंदणी करावी. मोबदला सहसा दर भागामागे ठरतो, तेव्हा तो केव्हा हाती पडेल हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. निर्मितीचा विचार काही वर्षांनीच करावा, कारण वाहिनीचे पैसे येईपर्यंत सेट, कलाकार व तंत्रज्ञ यांचा खर्च बरेचदा निर्मात्यालाच सोसावा लागतो, आणि मुख्य नट आजारी पडला तर रातोरात कथानक वळवून घेण्याची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडते.