गांडूळखतावर भात पिकवताना या चुका टाळा

शहापूर, मुरबाड आणि भिवंडीच्या खाचरांत गांडूळखतावर भात घेताना सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे वाण कोणताही असो, खताची मात्रा आणि वेळ एकच ठेवणे. कर्जत-३ सारखा हळवा वाण सुमारे ११५ दिवसांत कापणीला येतो. खतातील नत्र (नायट्रोजन) सावकाश सुटत असल्यामुळे अशा वाणाला सगळे खत लावणीआधीच्या शेवटच्या चिखलणीपूर्वीच मातीत मिसळून द्यावे. सुवर्णासारखा गरवा वाण १४० दिवसांहून अधिक काळ शेतात राहतो, म्हणून त्याच्या खताचा काही हिस्सा फुटवे येण्याच्या वेळेसाठी राखून ठेवता येतो. वाड्याच्या झिणी कोलमासारखे उंच देशी वाण मात्र जास्त नत्राने लोळतात. त्यांना हात आखडूनच खत घालावे.

मात्रेचा हिशेबही नीट मांडावा. सुधारित वाणांसाठी हेक्टरी १०० किलो, म्हणजे गुंठ्याला सुमारे एक किलो नत्राची शिफारस आहे. गांडूळखतात नत्र साधारण एक ते दीड टक्का धरले, तर गुंठ्याला ५० किलो खतातून अर्धा ते पाऊण किलोच मिळते आणि तेही सारे त्याच हंगामात पिकाच्या हाती लागत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला गाडावा. पिशवीवरचा 'समृद्ध खत' हा शिक्का हिशेबात धरू नये.

जुलैच्या मुसळधार पावसात भरलेल्या खाचरात खत फेकणे म्हणजे ते शेजाऱ्याच्या शेताला देणे, कारण पाणी बांधावरून खालच्या खाचरात उतरते. फुटव्याचा हप्ता देण्यापूर्वी पाणी कमी करावे, बांधाची तोंडे बंद करावीत आणि दोन-तीन दिवस पाणी वाहू देऊ नये.

खतासोबत गांडुळे शेतात सोडण्याचा काहीही उपयोग नाही. गांडूळखताच्या खड्ड्यात वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही गांडुळांची जात शेण व पालापाचोळ्यावर जगणारी असून तुंबलेल्या चिखलात ती टिकत नाही. खत काढण्यापूर्वी काही दिवस पाणी देणे थांबवावे, म्हणजे गांडुळे खाली सरकतात. मग वरचे खत खरवडून घ्यावे. ताजे शेण मात्र खड्ड्यात थेट टाकू नये, ते तापते आणि गांडुळे मरतात.

लावणीनंतर रोपे पिवळी पडली की पुन्हा खत ओतण्याची घाई होते. आधी पान पाहावे: जुनी, खालची पाने टोकाकडून पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे, त्यांवर तांबूस-तपकिरी ठिपके असतील तर जस्ताची कमतरता संभवते आणि त्यावर गांडूळखत हा झटपट उपाय नव्हे. खाडीलगतच्या शेतात पानांची टोके पांढरट होऊन करपत असतील, तर खारेपणाची शंका घ्यावी. अशा ठिकाणी खत वाढवण्यापेक्षा गोड्या पाण्याने जमीन धुऊन पनवेल-१ किंवा पनवेल-३ सारखा क्षार सोसणारा वाण लावावा.