गरम पाणी फिरवणारा पंप: तपासणी, सफाई आणि सील बदलणं

बेळगावात डिसेंबरच्या पहाटे लॉजमधल्या शेवटच्या खोलीतला नळ सोडला की आधी दोन बादल्या गार पाणी वाहून जातं, मग कुठे कोमट यायला लागतं. खापर फुटतं ते सोलरवर नाहीतर हीट पंपावर. बहुतेक वेळा टाकीत 60 अंशांचं पाणी तयार असतं, फक्त ते लाइनीतून फिरत नसतं. ते फिरवायचं काम सर्क्युलेशन पंपाचं. हॉटेल, हॉस्पिटल, हॉस्टेल, मंगल कार्यालय, सगळीकडे हा पंप कुठल्यातरी कोपऱ्यात असतो आणि बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा: हा पंप पाणी चढवत नाही, फिरवतो. लाइन टाकीतून निघून खोल्यांवरून परत टाकीतच येते. वर जाणाऱ्या पाण्याचं वजन आणि परत उतरणाऱ्या पाण्याचं वजन एकमेकांना तोलतं. उरतं ते फक्त पाइप, बेंड आणि व्हॉल्व्हमधलं घर्षण. म्हणून चार-पाच मजली इमारतीलासुद्धा बहुधा 2 ते 4 मीटर हेडचा, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याइतका दाब देणारा, छोटा पंप पुरतो. गच्चीवर पाणी चढवायचा एक एचपीचा पंप इथे लावला तर लाइन घरघरते, बेंड आतून झिजतात आणि वीजबिल वाढतं.

पाणी किती फिरायला हवं याचा हिशोबही सोपा आहे. इन्शुलेशन चांगलं असेल तर गरम लाइनीच्या दर मीटरला साधारण 10 वॅट उष्णता जाते. 100 मीटर लाइन म्हणजे 1000 वॅट. टाकीतून निघालेलं पाणी 5 अंशांनी उतरून परत यावं असं धरलं तर तासाला जेमतेम 170 लिटर फिरायला हवं. एवढंच. टाकीत 60 आणि रिटर्नला, म्हणजे टाकीत परत येणाऱ्या लाइनीत, 50 च्या खाली नाही, हे धोरण ठेवा. याहून कोमट पाणी दिवसभर पाइपात राहिलं तर लिजिओनेला जंतू वाढतात, हॉस्पिटलात तर याकडे दुर्लक्ष चालतच नाही. एकाच मजल्याला गार पाणी येत असेल तर पंप मोठा करू नका. जवळच्या मजल्यांच्या रिटर्नचे व्हॉल्व्ह थोडे आवळा, म्हणजे पाणी लांबच्या मजल्याकडे वळेल.

खोलण्याआधी वाचा

बोल्टला पाना लावण्याआधी चार आकडे लिहून घ्या: सक्शनचा (पाणी पंपात येतं त्या बाजूचा) दाब, डिलिव्हरीचा (बाहेर जातं त्या बाजूचा) दाब, क्लॅम्प मीटरवरचा करंट आणि रिटर्नचं तापमान. दोन्ही गेजमधला फरक किलोत (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) असेल तर त्याला दहाने गुणलं की हेड मीटरमध्ये मिळतं. फरक 0.3 असेल तर 3 मीटर. दोन गेज एकमेकांशी जुळत नसतील तर एकच चांगला गेज ठेवून तो दोन्ही टॅपिंगवर आलटून पालटून लावा, म्हणजे गेजची चूक दोन्हीकडे सारखी राहते.

फरक नेहमीपेक्षा जास्त आणि करंट कमी असेल तर पुढे कुठेतरी अडलंय: व्हॉल्व्ह अर्धा मिटलाय, एनआरव्ही (पाणी उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह) चिकटलाय किंवा हीट एक्स्चेंजरच्या प्लेटी भरल्यात. फरक कमी आणि करंट जास्त म्हणजे पाणी गरजेपेक्षा जास्त वाहतंय, बायपास उघडा राहिला असणार. फरकही कमी आणि करंटही कमी असेल तर हवा, भरलेला इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) किंवा उलटी फिरकी. नुसता सक्शनचा दाब घसरला असेल तर आधी स्ट्रेनरची जाळी काढून धुवा.

उलट्या फिरकीने लोक हमखास फसतात. थ्री फेज मोटर उलटी फिरली तरी पंप थोडं पाणी देतोच, त्यामुळे तो चालू आहे असं वाटत राहतं. लाइनीचं किंवा ट्रान्सफॉर्मरचं काम झालं की फॅनच्या बाजूने बघून बाणाशी दिशा जुळवा. उलटी असेल तर कुठल्याही दोन फेज अदलाबदल करा.

खात्री हवी असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह तीसेक सेकंद पूर्ण मिटून फरक बघा. तो पंपाच्या कर्व्हवरच्या (कंपनीने दिलेल्या हेड-प्रवाहाच्या आलेखावरच्या) शून्य प्रवाहाच्या हेडइतका यायला हवा. दिशा बरोबर असून तो बराच कमी आला तर इम्पेलर झिजलाय. यापेक्षा जास्त वेळ व्हॉल्व्ह मिटून ठेवू नका, आतलं पाणी तापत जातं.

हवा आणि खडीचा आवाज

पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग मागवण्याआधी हवा काढा. पंप बंद करा, दोन मिनिटं थांबा, एअर स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि सलग पाणी येईपर्यंत धरा. उकळतं पाणी उडतं, तोंड बाजूला ठेवा. लाइनीच्या सगळ्यात उंच जागी ऑटो एअर व्हेंट नसेल तर हवा पुन्हा पुन्हा अडकणारच.

हवा काढूनही आवाज राहिला तर पाणी पंपाच्या तोंडाशीच उकळतंय, म्हणजे कॅव्हिटेशन. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब सुमारे साडेनऊ मीटर पाण्याइतका, किनाऱ्यावर तो 10.3 असतो. त्यातून 60 अंशांच्या पाण्याच्या वाफेचा दाब 2 मीटर खातो, 80 अंशांना तर 4.8 मीटर. सोलरचा पंप गच्चीवर टाकीच्या जेमतेम हातभर खाली असेल आणि जाळीही भरली असेल, तर उरलेला दाब पुरत नाही आणि इम्पेलरला उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे पडतात. पंप टाकीपासून जितका खाली नेता येईल तितका न्या. स्ट्रेनर सक्शनवर ठेवायचाच असेल तर मोठा ठेवा.

पांढरा थर

बोअरचं पाणी वापरणाऱ्या इमारतींत पंपाचा खरा शत्रू क्षार. पाणी 60 च्या वर गेलं की थर झपाट्याने बसतो. छोट्या वेट रोटर पंपात, म्हणजे ज्यात रोटर पाण्यातच फिरतो आणि वेगळं सील नसतं, हा थर रोटर आणि त्याभोवतीच्या पातळ स्टीलच्या डब्यात जमतो आणि रोटर जाम होतो. मोटर गुणगुणते, पण फिरत नाही.

अशा वेळी वीज तोडा, दोन्ही व्हॉल्व्ह मिटा, मधला मोठा स्क्रू काढून शाफ्टच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून हलक्या हाताने फिरवून बघा. सुटला तर तेवढ्यापुरतं काम झालं, पण थर आत आहेच. सफाई करायची तर चार अॅलन बोल्ट सोडून मोटरचा भाग बाहेर घ्या. एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक अॅसिड घाला, रोटर आणि इम्पेलर त्यात अर्धा ते एक तास ठेवा, नायलॉन ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि मग साध्या पाण्याने. वायर असलेला मोटरचा भाग बुडवू नका. टॉयलेट साफ करायचं अॅसिड तर अजिबात नको, त्यातल्या क्लोराइडने स्टेनलेसला सुईसारखी भोकं पडतात. स्टीलचा डबा चाकूने खरवडू नका, एक ओरखडासुद्धा नडतो. परत बसवताना मोटरचा शाफ्ट आडवाच राहील हे बघा. उभा बसवला तर वरच्या बेअरिंगशी हवा साठते आणि ते कोरडं फिरून जातं.

वापराच्या पाण्यावर ओतीव लोखंडाची बॉडी लावू नये. बंद लाइनीत तेच पाणी फिरत राहतं, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि गंज थांबतो. इथे रोज ताजं पाणी येतं, म्हणून ब्राँझ नाहीतर स्टेनलेस.

मेकॅनिकल सील बदलणं

मोठ्या पंपात शाफ्टवर मेकॅनिकल सील असतं: एक फिरता आणि एक बसका असे दोन गुळगुळीत चेहरे एकमेकांवर टेकून पाणी अडवतात. खाली थेंब पडत असतील, कपलिंगजवळ पांढरा डाग धरला असेल तर सील गेलं. नवीन सील घेताना शाफ्टचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि रबर ईपीडीएमचंच मागा. साधं नायट्राइल गरम पाण्यात लवकर कडक पडतं.

एमसीबी पाडा, कुलूप लावा आणि “पंपावर माणूस आहे” अशी पाटी मराठी आणि कन्नड दोन्हीत टांगा, कारण स्विच टाकणारा माणूस कोणती लिपी वाचेल सांगता येत नाही. दोन्ही व्हॉल्व्ह मिटून पाणी हाताला सोसेल इतकं निवू द्या आणि ड्रेन उघडा. बॉडी आणि ब्रॅकेटवर खुणा करून बोल्ट सोडा. इम्पेलरचा नट काढण्याआधी आटे कोणत्या दिशेचे आहेत ते बघा. जुनं फिरतं सील ओढून काढा आणि बसकं सील मागच्या बाजूने लाकडी दांडक्याने ठोकून बाहेर घ्या.

आता शाफ्टवर नख फिरवा. नख कुठे अडलं तर तिथे घळ आहे. बारीक पॉलिश पेपरने ती जात नसेल तर उद्यमबागेतल्या (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या) टर्नरकडून स्लीव्ह किंवा शाफ्ट करून घ्या. घळ पडलेल्या शाफ्टवर नवीन सील घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

नवीन सीलचे दोन्ही चकचकीत चेहरे बोटाने शिवायचे नाहीत. शिवलेच तर मऊ स्वच्छ कापडाने स्पिरिट लावून पुसा. रबराला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर ईपीडीएम फुगून निकामी होतं, आणि ही चूक अनुभवी हातांकडूनही होते. बसकं सील पीव्हीसी पाइपाच्या तुकड्याने सरळ दाबा, तिरकं बसलं तर गळणारच. मग फिरता भाग, स्प्रिंग, इम्पेलर शाफ्टवर अडकवणारी चावी, इम्पेलर, नवीन गास्केट. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा आणि मध्ये मध्ये शाफ्ट हाताने फिरवून बघा.

पाणी भरून, हवा काढूनच स्विच टाका. दिशा बघायला म्हणून दोन सेकंद कोरडा फिरवला तरी कार्बनचा चेहरा तापून तडकू शकतो. पहिल्या तासात एखाद-दुसरा थेंब आला तर चालतो, संध्याकाळपर्यंत थांबला नाही तर परत खोला.

वीज, पावसाळा आणि रात्रीचा प्रश्न

ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावा, ट्रिप होतोय म्हणून वर सरकवू नका. फेजमधल्या व्होल्टेजमध्ये थोडासा फरक असला तरी करंटमधला फरक कितीतरी पट होतो, म्हणून तिन्ही फेजचा करंट मोजा. सिंगल फेज मोटर गुणगुणून गरम होत असेल तर कपॅसिटर मोजा. हात लावण्याआधी तो रेझिस्टरने डिस्चार्ज करा. छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भरला तर त्याच मायक्रोफॅरडचा नवीन घाला.

खानापूर-बेळगावच्या पावसात पंप रूमच्या भिंतींनाही ओल येते. जुलैत आठ-पंधरा दिवस बंद राहिलेल्या मोटरला चालू करण्याआधी 500 व्होल्टचा मेगर (इन्शुलेशन मोजायचं मीटर) लावा. वाइंडिंग आणि बॉडीमध्ये 1 मेगओहमपेक्षा कमी आलं तर बल्बच्या उबेने वाळवून पुन्हा मोजा.

दोन पंप असतील तर दर आठवड्याला पाळी बदला. स्टँडबाय महिनोन्महिने उभा राहिला तर सीलचे चेहरे एकमेकांना चिकटतात आणि गरज पडते त्या पहाटे पहिल्या फेऱ्यातच फाटतात.

सोलरची टाकी संध्याकाळी गरम आणि सकाळी थंड होत असेल तर गळती शोधत बसू नका. रात्री अकरा वाजता, पंप बंद असताना, पॅनेलकडे जाणाऱ्या पाइपांवर हात ठेवा. पाइप कोमट लागला तर एनआरव्हीची बैठक क्षाराने भरलीय आणि टाकीतलं गरम पाणी आपोआप गच्चीवर जाऊन निवतंय. एनआरव्ही खोलून बैठक साफ करा, फ्लॅप वाकला असेल तर नवीन बसवा.